जॉन्सटाउन: वरचं तळं, खालचं गाव

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात व्हिस्कीची बाटली घ्यायची तर सरकारी दुकानात जावं लागतं, आणि तिच्या किमतीत १८ टक्क्यांचा एक कर आधीच धरलेला असतो. लोक त्याला अजून ‘जॉन्सटाउनचा पूरकर’ म्हणतात. १९३६ साली जॉन्सटाउन नावाच्या गावात पूर आला, गाव सावरायला पैसे हवे होते, म्हणून राज्याने दारूवर १० टक्के तात्पुरता कर बसवला. गाव सावरलं, कर मात्र राहिला. १९६३ मध्ये तो १५ टक्के झाला, १९६८ मध्ये १८. आज तो राज्याच्या तिजोरीत जातो आणि जॉन्सटाउनसाठी म्हणून त्यातलं वेगळं काही काढून ठेवत नाहीत. ‘तात्पुरता’ या शब्दाचं सरकारदरबारी काय होतं हे आपल्यालाही ठाऊक आहे, तेव्हा नवल नको.

गंमत अशी, की १९३६ चा पूर हा या गावाचा गाजलेला पूर नव्हेच. गाजलेला पूर १८८९ चा. त्यात २,२०९ माणसं गेली. मग १९३६ चा, आणि पुढे १९७७ चा. २०२० च्या जनगणनेत जेमतेम १८,४११ लोकसंख्या भरलेलं हे गाव अमेरिकेत पुरामुळेच ओळखलं जातं. पूर म्हटलं की आपण आभाळाकडे बोट दाखवून मोकळे होतो. इथं मात्र ते बोट आभाळाकडून खाली येतं, डोंगरातल्या एका तळ्याकडे वळतं आणि बराच वेळ तिथंच थांबतं. गावात आज बघण्यासारखं जे आहे, म्हणजे दगडी पूल, जुनं वाचनालय, डोंगर चढणारी गाडी, बिननावाच्या दगडांची दफनभूमी, त्या सगळ्याचा कुठला ना कुठला धागा त्या तळ्याशी जाऊन पोचतो.

आधी जागा समजून घेऊ. पिट्सबर्गच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर अ‍ॅलेगेनीच्या डोंगरांत एक अरुंद खोरं आहे. छोटी कॉनमॉ आणि स्टोनीक्रीक या दोन नद्या इथं मिळतात आणि पुढे कॉनमॉ नावाने वाहतात. संगमावर सपाट जमीन असेल तेवढंच मूळ गाव, बाकी सभोवती चढ. स्वित्झर्लंडहून आलेल्या जोसेफ शान्ट्स नावाच्या आमिश पंथाच्या शेतकऱ्याने १८०० साली इथं गावाची आखणी केली. ‘शान्ट्स’चं लोकांच्या तोंडी ‘जॉन्स’ झालं आणि १८३४ मध्ये गावाला जॉन्सटाउन नाव मिळालं. गावाच्या मध्यावरचं सेंट्रल पार्क आजही मोकळं आहे आणि तिथं या शान्ट्सचा पुतळा आहे.

१८३४ लाच गावातून एक अचाट वाट सुरू झाली. फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला माल न्यायला राज्याने कालवा काढला होता, पण मध्येच डोंगर आडवा. कालवा काही डोंगर चढत नाही. मग हॉलिडेजबर्ग ते जॉन्सटाउन अशी ५८ किलोमीटरची रुळांची वाट टाकली. तिच्यात दहा तिरकस चढ, प्रत्येक चढाच्या माथ्यावर वाफेचं इंजिन, आणि दोरांनी गाड्या वर ओढायच्या, पलीकडे हळूहळू उतरवायच्या. पुढे पुढे तर नावाच सुट्या भागांत बांधू लागले. कालव्यातून काढून ते भाग गाड्यांवर चढवायचे, डोंगरापलीकडे नेऊन पुन्हा जोडायचे आणि पाण्यात सोडायचे. जॉन्सटाउनला नाव पाण्यात उतरली की पश्चिमेकडचा कालवा सुरू.

पण उन्हाळ्यात या कालव्याला पाणी पुरत नसे. म्हणून गावापासून २२ किलोमीटर वर, साउथ फोर्कजवळ, राज्याने धरण बांधायला घेतलं. काम १८३८ ला सुरू झालं, पैशांअभावी रखडलं आणि १८५३ ला संपलं. पुढच्याच वर्षी रेल्वेने डोंगर ओलांडणारा स्वतःचा मार्ग पुरा केला आणि कालव्याचं कामच उरलं नाही. म्हणजे ज्या धरणाने पुढे गाव बुडवलं, ते बांधून होईस्तोवर बिनकामाचं झालं होतं.

लोखंड

खाली गावात तोवर दुसरं काही उभं राहत होतं. डोंगरात कोळसा होता, लोहखनिज होतं, चुनखडी होती, दारात रेल्वे होती. १८५२ मध्ये कँब्रिया आयर्न कंपनी निघाली आणि रेल्वेचे रूळ करू लागली. अमेरिकेतल्या पोलाद धंद्यात ज्या गोष्टी पुढे सगळ्यांनी उचलल्या त्यातल्या बऱ्याच इथं घडल्या. त्यातली एक जवळून बघण्यासारखी आहे.

रसवंतीच्या चरकात ऊस कसा जातो ते आठवा. एका बाजूने घातला, दुसऱ्या बाजूने निघाला. पुन्हा पिळायचा तर पलीकडून घेऊन, वरून फिरवून, परत पहिल्या बाजूला आणावा लागतो. लाल तापलेला लोखंडाचा ठोकळाही असाच दोन फिरत्या लाटण्यांमधून लाटत लाटत लांब करायचे. पण प्रत्येक खेपेला तो वरून मागे आणायचा, तेवढ्या वेळात तो गार होणार, कडांना चिरा पडणार. कँब्रियाचा जॉन फ्रिट्झ म्हणाला, दोनाऐवजी एकावर एक तीन लाटणी बसवू. जाताना ठोकळा खालच्या जोडीतून जाईल, येताना वरच्या जोडीतून, आणि दोन्ही वेळा लाटला जाईल. १८५७ मध्ये हे यंत्र चाललं. एक-दोन दिवसांतच गिरणीला आग लागून इमारत जळाली, तरी फ्रिट्झने ती पुन्हा उभी केली. विल्यम केली या संशोधकाने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याचे प्रयोगही याच कारखान्यात केले.

गावाने याची किंमत मोजली ती नकळत. भट्ट्यांतली मळी नदीकाठी टाकत गेले, पात्रं अरुंद झाली. डोंगरावरची झाडं तुटली, पावसाचं पाणी झरझर खाली येऊ लागलं. दरवर्षी रस्त्यांवर फूट-दोन फूट पाणी चढायचं, लोक गालिचे गुंडाळून माडीवर न्यायचे. त्याच्या जोडीला एक वार्षिक अफवाही असायची, वरचं धरण फुटणार म्हणून. ते कधी फुटायचं नाही. लांडगा आला रे आला.

धरण कसं बिघडत गेलं

पानशेतच्या गोष्टी ज्यांच्या घरात बोलल्या गेल्या आहेत त्यांना मातीचं धरण आणि सांडवा हे शब्द नवे नाहीत. तरी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. मातीचं धरण पाणी अडवतं ते स्वतःच्या वजनाने आणि आतल्या चिकणमातीच्या घट्ट थरांनी. नीट बांधलं तर शतकभर टिकतं. त्याला एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे माथ्यावरून वाहणारं पाणी. पाणी मागच्या उतारावरून वाहू लागलं की माती खरवडत जातं आणि थोड्या वेळाने धरण उरतच नाही. म्हणून दोन वाटा ठेवायच्या. एक सांडवा, म्हणजे माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर बाजूच्या खडकात खोदलेला चर, जादा पाणी आपोआप निघून जायला. दुसरे तळाचे नळ, तळ्याची पातळी हवी तेव्हा उतरवायला.

साउथ फोर्कच्या धरणाला या दोन्ही वाटा होत्या. ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब, असं ते विचारपूर्वक बांधलेलं काम होतं. मग ते हातोहात फिरू लागलं. १८५७ मध्ये कालव्याबरोबर ते रेल्वे कंपनीकडे आलं, आणि रेल्वेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. १८६२ मध्ये तळातल्या मोरीपाशी ते एकदा खचलंसुद्धा, पण तळ्यात पाणी कमी होतं, गावाला फारसं कळलंही नाही. खिंडार तसंच राहिलं. १८७५ मध्ये जॉन रायली नावाच्या अमेरिकी संसदेच्या सदस्याने ते २,५०० डॉलरला घेतलं आणि चार वर्षांनी २,००० ला विकलं. पाचशेचा तोटा भरून काढायला त्याने तळाचे बिडाचे नळ उपटून भंगारात घातले. एक वाट गेली.

घेणारा होता बेंजामिन रफ. त्याला पिट्सबर्गच्या श्रीमंतांसाठी डोंगरात मासेमारीचा क्लब काढायचा होता. साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लबच्या साठेक सभासदांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन ही नावं आहेत, म्हणजे त्या काळच्या पोलाद, कोळसा आणि बँकांचे धनीच. पिट्सबर्गचा धूर नको म्हणून वर यायचं, होड्यांत फिरायचं, संध्याकाळी व्हरांड्यात बसायचं. रफने खिंडार भरलं, पण माती, दगड, झुडपं, गवत आणि घोड्याची लीद, असं जे हाताशी आलं ते घालून. नळ परत बसवले नाहीत. माथ्यावरून घोडागाडी नीट जावी म्हणून माथा दोन-तीन फूट छाटून रुंद केला. माथा खाली आला म्हणजे सांडव्याची जागाही तेवढीच घटली. पाणी सांडव्यात जितकं चढून वाहू शकलं असतं, त्याच्या आधीच ते माथ्यावरून जाणार. शिवाय जिथं खिंडार भरलं होतं तो मधला भाग किंचित खचलेला होता. धरणाचा मध्य खरं तर थोडा उंच ठेवतात, म्हणजे पाणी चढलंच तर कडेने जावं. इथं उलटं झालं.

आणि शेवटची करामत जाळीची. तळ्यात मुद्दाम आणून सोडलेले बास मासे सांडव्यातून निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी लावली. जाळीत मासे अडतात, तसा पालापाचोळा आणि ओंडकेही अडतात.

मला या हकिगतीत सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट ही वाटते, की गावातल्या कुणाला हे दिसलं नव्हतं असं नाही. कँब्रिया कंपनीचा प्रमुख डॅनियल मॉरेल याने १८८० मध्ये आपला अभियंता जॉन फुल्टन वर पाठवला. फुल्टनने लिहून दिलं की दुरुस्ती कच्ची आहे आणि तळ्यातलं पाणी उतरवायची काही सोय नाही. मॉरेलने क्लबला कळवलं, दुरुस्तीचा खर्च वाटून घेऊ असंही सुचवलं. रफचं उत्तर आलं: ‘आमच्या उद्योगापासून तुम्हाला आणि तुमच्या माणसांना कसलाही धोका नाही.’ मॉरेल मग स्वतःच क्लबचा सभासद झाला, निदान लक्ष तरी राहील म्हणून. १८८५ ला तो वारला, १८८७ ला रफही.

३१ मे १८८९

आदल्या दिवशी युद्धातल्या मृतांच्या स्मरणाची सुट्टी होती. रात्रीपासून पाऊस कोसळू लागला, चोवीस तासांत सहा ते दहा इंच. सकाळी क्लबचा अध्यक्ष एलायस अंगर उठला तेव्हा तळं माथ्याला भिडत होतं. गटारांच्या कामावर आलेले इटालियन मजूर फावडी घेऊन माथ्यावर माती टाकू लागले. काही जण दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खोदायला लागले, तर खाली खडक लागला. जाळी काढावी म्हणेपर्यंत ती ओंडक्यांनी गच्च तुंबली होती. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्कला तार करायला गेला. तारा जागोजाग तुटलेल्या. तरी इशारे टप्प्याटप्प्याने गावात पोचले, आणि दरवर्षीच्या अफवेसारखेच ऐकले गेले. गावात तोवर नद्यांचंच पाणी गुडघ्याच्या वर होतं, सगळे त्याच गडबडीत.

दुपारी तीनच्या सुमारास धरण मधोमध गेलं. दोन कोटी टन पाणी सुटलं आणि तासाभरात तळं रिकामं झालं. वाटेत साउथ फोर्क, मिनरल पॉइंट, ईस्ट कॉनमॉ, वुडवेल. ईस्ट कॉनमॉजवळ इंजिनचालक जॉन हेसने आवाज ऐकून शिटीची दोरी बांधूनच टाकली आणि इंजिन उलटं हाकत गावाकडे सुसाट निघाला. त्या अखंड शिटीमुळे किती तरी लोक चढावर पळाले. वुडवेलला असा इशारा मिळाला नाही. अकराशे वस्तीतले ३१४ गेले, आणि तिथल्या तारेच्या कारखान्यातली काटेरी तारेची भेंडोळी लाटेत मिसळली.

चार वाजून सात मिनिटांनी लाट जॉन्सटाउनात शिरली. वाचलेल्यांनी सांगितलं की पाणी असं दिसलंच नाही. घरं, झाडं, डबे, इंजिनं, जनावरं यांचा एक काळा डोंगर लोळत येताना दिसला. व्हिक्टर हायझर हा सोळा वर्षांचा मुलगा घोडे सोडायला तबेल्यात गेला होता. माडीच्या खिडकीतून वडिलांनी हाताने खूण केली, वर चढ. तो तबेल्याच्या छपरावर चढला, आणि तिथून त्याने स्वतःचं घर चुरडताना पाहिलं. आई-वडील दोघंही गेले. हाच मुलगा पुढे डॉक्टर झाला, फिलिपिन्समध्ये कुष्ठरोग्यांसाठी त्याने मोठं काम केलं. सहा वर्षांची गर्ट्रूड क्विन एका तरंगत्या ढिगावर एकटीच वाहत चालली होती. मॅक्सवेल मॅकाक्रन नावाचा मजूर आपलं छप्पर सोडून पोहत तिच्याकडे गेला, आणि काठच्या घरातल्या खिडकीतून दोन माणसांनी हात पुढे केल्यावर त्याने तिला पाण्यावरून उचलून तिकडे फेकलं. त्यांनी झेललं.

गावाच्या खालच्या टोकाला रेल्वेचा सात कमानींचा दगडी पूल होता. लाट आधी समोरच्या डोंगरावर आदळली, तिचा जोर मोडला, म्हणून पूल टिकला. पण तो टिकला म्हणूनच वाहून आलेलं सगळं त्याला तटलं. काटेरी तारेने जखडलेला, जवळजवळ तीस एकर पसरलेला ढीग, आणि त्यात अडकलेली जिवंत माणसं. संध्याकाळी कुठल्याशा घरातल्या चुलीचा निखारा उडाला असावा, ढिगाने पेट घेतला. पुरातून वाचलेली सुमारे ऐंशी माणसं तिथं जळून गेली. मेन स्ट्रीटवरच्या आल्मा हॉल या चार मजली इमारतीत २६४ लोकांनी ती रात्र अंधारात काढली. गॅस गळत असेल या भीतीने कुणी काडीही ओढली नाही. ती इमारत अजून उभी आहे.

९९ कुटुंबं अशी, की मागे एकही माणूस उरलं नाही. ७७७ मृतदेहांची ओळख पटली नाही.

दोष कुणाचा

लोकांनी क्लबवर दावे लावले. एकालाही भरपाई मिळाली नाही. आज हे अविश्वसनीय वाटतं, पण तेव्हाच्या कायद्याने पाहिलं तर कळतं. नुकसान झालं एवढं पुरे नसे, अमुक माणसाने हयगय केली हे दाखवावं लागे. माथा छाटणारा रफ मेलेला. नळ विकणारा रायली क्लबचा नव्हेच. क्लब ही संस्था म्हणून जवळपास कफल्लक, आणि तिचे श्रीमंत सभासद वैयक्तिकरीत्या जबाबदार नाहीत. वर प्रतिपक्षाचं म्हणणं तयार होतंच, एवढा पाऊस म्हणजे देवाची करणी. क्लबचे वकीलही क्लबातलेच, त्यातला फिलँडर नॉक्स पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला.

इंग्लंडमध्ये मात्र १८६८ सालीच एक वेगळं तत्त्व ठरलं होतं. एका गिरणीवाल्याच्या तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं, आणि न्यायालय म्हणालं, धोक्याची वस्तू आपल्या जागेत साठवतोस ना, मग ती सुटली तर हयगय असो वा नसो, भरपाई तूच द्यायची. अमेरिकेतली बरीच न्यायालयं हे तत्त्व उद्योगांना जाचक म्हणून झिडकारत होती. जॉन्सटाउननंतरच्या वर्षांत एकेक राज्य ते मानू लागलं. हा बदल घडण्यात या पुराचा मोठा हात होता असं कायद्याचे इतिहासकार मांडतात. जॉन्सटाउनच्या लोकांना त्याचा छदामही मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी. अभियंत्यांच्या एका समितीनेही तेव्हा निर्वाळा दिला होता की माथा छाटला नसता तरी धरण गेलंच असतं. सव्वाशे वर्षांनी पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन्सटाउन शाखेतल्या संशोधकांनी तळ्याची नव्याने मोजमापं घेतली आणि हिशेब मांडला. मूळ रचनेतल्या धरणाने तो पाऊस पेलला असता, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आज काय दिसतं

पुरानंतर पाच दिवसांनी क्लारा बार्टन आपली माणसं घेऊन गावात उतरली. वय ६७, आणि अमेरिकन रेडक्रॉस स्थापन होऊन आठच वर्षं झालेली. शांततेच्या काळातलं तिच्या संस्थेचं हे पहिलं फार मोठं काम. ती पाच महिने राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस आसपासच्या वस्त्या एकत्र होऊन जॉन्सटाउन रीतसर शहर झालं.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर कार्नेगीच्या पैशांतून बांधलेलं वाचनालय आहे. जुनं पुरात वाहून गेलं होतं, क्लबाच्या या सभासदाने नवं दिलं. आता त्या इमारतीत पुराचं संग्रहालय आहे. म्हणजे कार्नेगीच्या छपराखाली कार्नेगीच्या क्लबाची कथा सांगतात. हे कुणी मुद्दाम ठरवलं असतं तर फार जुळवलेलं वाटलं असतं.

जवळच एका छोट्या बागेत बिडाचा कुत्रा उभा आहे, मोर्लीचा कुत्रा म्हणून. त्याने पुरात मूल वाचवलं, असं कुणीही तुम्हाला सांगेल. खोटं आहे. हा कँब्रिया कंपनीतल्या मोर्ली नावाच्या अधिकाऱ्याच्या अंगणातला शोभेचा कुत्रा, पुरात वाहून गेला आणि ढिगाऱ्यात सापडला. माणसं वाचवणारा खरा कुत्रा रोमी नावाचा होता. त्याचं श्रेय बिचाऱ्याच्या वाट्याला कमीच येतं.

मग ती डोंगर चढणारी गाडी, इन्क्लाइन्ड प्लेन. १८९१ मध्ये कँब्रिया कंपनीने बांधली. सुमारे २७३ मीटरचे रूळ, चढ ३५ अंशांच्या आसपास, आणि माथा तळापेक्षा दीडशे मीटर उंच. दोन मोठे डबे एकाच यंत्रणेला तारदोरांनी जोडलेले. एक खाली येतो तेव्हा त्याचं वजन दुसऱ्याला वर चढवायला मदत करतं, विहिरीच्या रहाटावर दोन टोकांना दोन पोहरे असावेत तसं. डब्यात माणसांबरोबर मोटारही मावते, पूर्वी घोडागाड्या जायच्या. वाहनं नेणारी जगातली सर्वांत तीव्र चढाची अशी गाडी म्हणून तिची ख्याती आहे. वर वेस्टमाँट ही कंपनीने वसवलेली वस्ती, रुंद रस्ते, दुतर्फा एल्मची झाडं. पूर पाहिल्यावर कोण कुठं राहणार हे उंचीने ठरू लागलं. साहेब लोक वर गेले. खाली नदीकाठच्या कँब्रिया सिटीत स्लोव्हाक, हंगेरियन, पोलिश, क्रोएशियन कामगार राहिले, भट्टीच्या धुरात, आणि आपापल्या भाषेतली प्रार्थना ऐकायला प्रत्येकाने आपलं चर्च बांधलं. त्या चिंचोळ्या वस्तीत चर्चचे मनोरे दाटीने उभे आहेत ते म्हणूनच.

एक गोष्ट कुठल्या स्मारकावर चटकन दिसणार नाही. १९२३ मध्ये रोझडेल भागात एका गोळीबारात पोलीस मारले गेले. त्यावर महापौर जोसेफ कॉफील याने फर्मान काढलं की सात वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन लोकांनी गाव सोडावं. कारखान्याला हवेत म्हणूनच ही माणसं दक्षिणेतून आणि सीमेपलीकडून आली होती. राज्यपालांनी दखल घेतली, देशभर बोभाटा झाला, महापौर पुढची निवडणूक हरला. पण तोवर शेकडो लोक चंबूगबाळं उचलून निघून गेले होते.

१९३६ च्या मार्चमध्ये नद्या पुन्हा चढल्या, तेव्हा याच डोंगरगाडीने चारेक हजार लोक वर नेले. मग लष्कराच्या अभियंत्यांनी नद्यांचे काठ काँक्रीटने बांधून काढले, आणि गाव स्वतःला पूरमुक्त म्हणवू लागलं. त्या भिंती आजही आहेत, नदी बघायला गेलात तर आधी काँक्रीटचा उतार दिसतो. जुलै १९७७ मध्ये एका रात्रीत सुमारे १२ इंच पाऊस झाला. या वेळी धोका मोठ्या नद्यांतून आला नाही, बाजूच्या ओढ्यांतून आला. लॉरेल रन ओढ्यावरचं मातीचं धरण फुटलं, खालच्या टॅनरीव्हिलमध्ये चाळीसेक माणसं गेली, एकूण ऐंशीहून अधिक. कँब्रियाचा कारखाना तोवर बेथलेहेम स्टीलच्या मालकीचा होता. पोलादाचे दिवस आधीच फिरले होते, त्यात हा तडाखा. १९८३ मध्ये गावात बेकारी २४ टक्क्यांच्या घरात गेली, देशात सर्वाधिक. १९९२ मध्ये कारखाना बंद झाला. १९२० साली इथं ६७ हजार लोक राहत होते.

वेस्टमाँटच्या बाजूला ग्रँडव्ह्यू दफनभूमी आहे. संगमरवराचे ७७७ छोटे दगड, एकसारखे, ओळीत, कशावरही अक्षर नाही. शहराने मृतांना उंचावर जागा दिली.

आणि शेवटी वर साउथ फोर्कला गेलात तर धरणाची दोन्ही टोकं जागेवर आहेत, गवताने मढलेली, मध्ये पोकळी. १९६४ पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे. दरवर्षी ३१ मेच्या संध्याकाळी इथं २,२०९ दिवे लावतात. पोकळीतून ओढा जातो, रेल्वेचा रूळ जातो. तळ्याच्या तळावरून आता रस्ता आहे, आणि सेंट मायकल नावाचं कोळसा खाणीचं गाव तिथं वसलं. क्लबची ४७ खोल्यांची इमारतही आहे, तिचा लांबलचक व्हरांडा पाण्याकडे तोंड करून बांधलेला. समोर आता शेजाऱ्यांची घरं दिसतात, आणि अंगणात लावलेल्या गाड्या.